जिवंत माणसाचा पिंड

“…पण तो शब्द आला कुठनं, शास्त्री?”

मठाधिपती केवळगिरी महाराजांनी परत तेच विचारलं.

नृसिंहशास्त्री मांजरा नदीच्या घाटावर शेवटच्या पायरीशी उभे होते. अंगावर ओलं धोतर. डोकं नुकतंच भादरलेलं, शेंडीचे चार केस तेवढे मागं ठेवलेले. तेही दुपारच्या आत जायचे होते.

शास्त्र्यांना राग आला. आज राग यायला नको होता. आज त्यांना संन्यास घ्यायचा होता.

“महाराज, ह्या एका शब्दावर मी तीन-तीन तास बोललोय.”

“मला तीन तास नाहीत. मी म्हातारा आहे.”

मागं पायऱ्यांवर गावातली माणसं येऊन बसली होती. त्यांच्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. शास्त्र्यांनी मान वळवली नाही.

“सम्, नि आणि अस्,” ते म्हणाले. “अस् म्हणजे फेकणं. नि म्हणजे खाली. सम् म्हणजे पुरतं, काही मागे न ठेवता. जे जे माझं म्हणून आहे ते पुरतं खाली टाकलं, की संन्यास.”

“टाकलं.”

“हो… किंवा ठेवलं. नि लागला की अस् मवाळ होतो. न्यास म्हणजे ठेव. विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू.”

“मग टाकणं का ठेवणं?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं? मडकं ठेवलं तर राहतं. टाकलं तर फुटतं.”

“शब्दाला दोन्ही सोसतं, महाराज.”

“शब्दाला सोसतं,” महाराज म्हणाले. “बरं. तुम्ही ठेवणार ते कुणाच्या हाती?”

“ईश्वराच्या.”

“तो हो म्हणला?”

शास्त्र्यांनी धोतराचा ओला सोगा पिळला.

“बायको?”

“तिनं अनुज्ञा दिली आहे.”

“काय म्हणली?”

शास्त्र्यांनी घसा साफ केला. “यथारुचि क्रियताम्.”

महाराजांनी पांढऱ्या भुवया वर केल्या. “तुमच्या घरी बायका संस्कृत बोलतात?”

“नाही. ती मराठीत बोलली. मी संस्कृतात सांगितलं.”

“मराठीत काय म्हणली?”

…

“शास्त्री, मराठीत काय म्हणली?”

“करा काय करायचंय ते.”

आता मात्र पायऱ्यांवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यांतली एकही अशी नव्हती जिनं हे वाक्य त्याच आठवड्यात एकदा तरी म्हटलं नसेल. तव्यावर भाकरी करपत असते, पाठीशी नवरा काहीतरी मोठं बोलत असतो, आणि आपण म्हणतो, करा काय करायचंय ते. ह्या गृहस्थानं ते उचललं आणि शास्त्राधार म्हणून पिशवीत घालून मठात आणलं.

महाराज हसले नाहीत.

“काल मी गाडी पाठवलीय तुमच्या गावाला,” ते म्हणाले. “त्या येतील इतक्यात.”

शास्त्र्यांनी वर रस्त्याकडं पाहिलं.

आता हे शास्त्रीबुवा कोण, ते सांगायला हवं. देवसांगवीचे. वेद-वेदांग करून आलेले, वाणी गोड, पंचक्रोशीत प्रवचनाला बोलावणं असायचं. एक शब्द घ्यायचा आणि त्याची मुळं खणत खणत माणसांना पाताळापर्यंत नेऊन परत आणायचं, हा त्यांचा हातखंडा. लोक मान डोलवायचे. घरी बायको भागिरथी आणि एकुलती लेक मथुरा. मथुरेचं लग्न थाटात करून दिलेलं. आणि पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी ती परत आली. बोचकं काखेत, तोंड सुजलेलं.

शास्त्री तेव्हा पोथी वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांना वाटलं, चार दिवस राहील आणि जाईल. ती गेली नाही. पुढं एका गावात ते पत्नीधर्मावर बोलत असताना मागून एक जण उठला आणि म्हणाला, “शास्त्रीबुवा, एक शंका आहे. तुमची लेक माहेरी किती दिवस राहणार?” सगळी सभा खाली बघायला लागली. शास्त्र्यांनी पोथी बांधली, घरी आले आणि त्यांना वैराग्य आलं.

काही गडी असेच असतात. घराला आग लागली की ह्यांना वैराग्य येतं.

त्या दिवसापासून त्यांनी लेकीचं नाव घेतलं नव्हतं. काही सांगायचं झालं तर बायकोला, “तिला सांग.” पाणी हवं असलं तर, “तिला म्हणावं, पाणी.” लेक समोर उभी असली तरी.

घाटावर क्रिया करणाऱ्या गुंडंभटांनी सगळी तयारी केली होती. संन्यास घेणाऱ्याला आधी स्वतःचं श्राद्ध करावं लागतं. आपला पिंड आपण द्यायचा, म्हणजे आपण मेलो. मग मेलेल्याला ना बायको, ना लेक, ना अब्रू. शास्त्र्यांना ह्यातलं शेवटचं फार आवडलं होतं.

भाताचा पिंड केळीच्या पानावर ठेवला गेला. वर तीळ, वर दर्भ.

“झालं,” शास्त्री म्हणाले. “आता शेंडी काढा, महाराज.”

“थांबा. कावळा शिवू दे.”

“कावळा?”

“पिंड आहे ना? मग कावळा शिवायला पाहिजे.”

“आत्मश्राद्धाला कावळा कुठल्या ग्रंथात सांगितलाय?”

“ग्रंथात नाही,” महाराज म्हणाले. “ह्या घाटावर आहे. माझ्या गुरूनं माझ्या पिंडाला थांबवलं होतं. इथं कावळा शिवल्याशिवाय कुणी मेलं, असं आम्ही धरत नाही.”

“आणि नाही शिवला तर?”

“तर आत काहीतरी राहिलेलं असतं. मेलेल्याचं.”

शास्त्र्यांनी उंबराकडं पाहिलं. तिथं कावळे होते, चांगले दहा-पंधरा. सकाळीच त्यांनी एका बाईच्या हातातली भाकरी पळवली होती. म्हणजे भूक होती.

“ठीक,” ते म्हणाले. “शिवेल.”

“बसा मग. आता तुम्ही गेलात. गेलेलं माणूस बोलत नाही. कावळा उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

शास्त्री पायरीवर मांडी घालून बसले. त्यांच्यापासून हातभर पुढं त्यांचा पिंड. दोघांनीही कावळ्यांकडं बघायचं.

कावळे बघतही नव्हते.

एक चोच साफ करत होता. दोघं भांडत होते. एक उडाला, तेव्हा सगळ्या घाटानं श्वास धरला. तो पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

गुंडंभटांनी “काव, काव” केलं. त्यांचा आवाज चांगला होता, कावळ्यांनी वळून पाहिलं. पण उतरला कुणी नाही.

ऊन पायऱ्यांवर आलं. भात वरून सुकायला लागला. शास्त्र्यांच्या भादरलेल्या डोक्यावर घाम आला आणि कानामागून ओघळला. किती जणांच्या दहाव्याला ते असे बसलेले होते. घरच्यांची तारांबळ त्यांनी पाहिली होती, थोरला मुलगा हात जोडून वचनं देतोय, सून रडतेय. तेव्हा मनातल्या मनात ते हसायचे. अडाणी लोक. आज त्यांचं तोंड बंद होतं आणि हसायला त्यांचंच भूत उरलं होतं.

गाडी आली.

बैलांच्या घुंगरांवरून त्यांनी ओळखलं. मग पायऱ्यांवर चपला वाजल्या. ती चाल त्यांनी कुठंही ओळखली असती.

भागिरथी खाली आली. पदर खोचलेला, पायावर वाटेची धूळ. तिनं आधी पिंड पाहिला, मग नवऱ्याचं डोकं.

“भादरलं का,” ती म्हणाली.

शास्त्री समोर बघत राहिले.

महाराजांनी तिला हात जोडले. “बसा, माय. शास्त्री म्हणाले, तुम्ही परवानगी दिलीय.”

“मी?”

“करा काय करायचंय ते, असं म्हणलात.”

“म्हणाले असेन. रोजच म्हणते. परवा मीठवाला भाव कमी करेना, त्यालाही म्हणाले. तो कुठं संन्यासी झाला?”

घाट हसला. शास्त्र्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मग अडवायचंय का तुम्हाला?” महाराजांनी विचारलं. “तसं सांगा. इथंच थांबवतो.”

शास्त्र्यांनी डोळे मिटले. एक शब्द, आणि सगळं बुडालं असतं. भादरलेलं डोकं घेऊन देवसांगवीच्या वेशीतून आत जावं लागलं असतं.

“नाही,” भागिरथी म्हणाली. “जाणाऱ्याचा हात मी धरत नाही. पण माझ्या परवानगीनं गेला, असं कुणी म्हणायचं नाही. एवढंच.”

शास्त्र्यांनी श्वास सोडला.

“कावळा शिवत नाही, वहिनी,” गुंडंभट पुढं आले. बिचाऱ्याला घरी जायची घाई होती. “घरचं माणूस बोललं की शिवतो. काहीतरी वचन द्या.”

“कुणाला? ते तर इथं बसलेत.”

“पिंडाला द्या.”

भागिरथीनं एकदा पिंडाकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. मग नवऱ्याकडं पाठ केली आणि पिंडासमोर हात जोडून उभी राहिली. बोलायला लागली ती थेट घरातल्या आवाजात.

“अहो, ऐका. पोथ्यांत कडुनिंबाचा पाला घालत जाईन. वाळवी लागू देणार नाही.”

कावळे हलले नाहीत.

“गाय विकणार नाही. म्हातारी झाली तरी.”

नाही.

“तुमच्या बहिणीला दिवाळीला बोलावीन. बोलावलं की महिनाभर हलत नाही, तरी बोलावीन.”

एक कावळा खालच्या फांदीवर आला. गुंडंभटांनी मान पुढं काढली. कावळा पुन्हा वर गेला.

“बघा,” मागून एक म्हातारी म्हणाली, “त्याला पण नणंद नकोय.”

ह्या वेळी भागिरथी हसली नाही. तिनं जोडलेले हात सोडले. बराच वेळ ती पिंडाकडं बघत राहिली…

“अजून काही, माय?” महाराज हळू म्हणाले.

“आहे. एक राहिलंय.”

“मग बोला.”

“ते मी बोलणार नाही.”

शास्त्र्यांच्या बोटांनी धोतराचा काठ घट्ट धरला. ती आता काय म्हणणार, हे त्यांना कळलं होतं. तोंड उघडता येत नव्हतं.

“ह्यांचं काय राहिलंय ते मला ठाऊक आहे, महाराज. मथीनं परत सासरी जावं. एवढंच आहे ह्यांच्या मनात, दुसरं काही नाही. मी म्हटलं, धाडते तिला, की तो कावळा आत्ता ह्या क्षणी खाली उतरेल. लिहून देते.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “पण मी नाही म्हणणार. तिथं त्या लोकांनी माझ्या लेकीचं काय केलं ते मी धुतलंय, ह्या हातांनी. ह्यांना मोक्ष मिळो न मिळो. कावळे उपाशी मरोत.”



शास्त्री बसले होते तसेच बसले. तिनं म्हटलं ते खरं होतं का? त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतक्या लगेच आलं की त्यांची त्यांनाच भीती वाटली. अंघोळीला उतरताना, शेवटची बुडी मारताना, पिंड ठेवताना, मनात ईश्वर नव्हता. मनात एकच होतं, ती सासरी गेली असती म्हणजे बरं झालं असतं. लोक म्हणाले असते, शास्त्र्यानं सगळं जागच्या जागी लावलं आणि मग संन्यास घेतला.

पण त्यांची विद्या मोठी होती. विद्येला नेहमी मागचं दार सापडतं.

त्यांनी गुंडंभटांकडं पाहिलं आणि दर्भाच्या जुडीकडं बोट केलं. मग बोटांनी चोच करून दाखवली.

“हां,” गुंडंभटांना हायसं वाटलं. “दर्भाचा कावळा. तो चालतो, महाराज. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून टेकवतात. सगळीकडं चालतो.”

महाराजांनी मान हलवली. “चालतो. द्या त्यांना.”

शास्त्र्यांनी दर्भ घेतला. काड्या दुमडल्या, गाठ मारली, चोच काढली, शेपूट काढलं. लोकांच्या घरी कितीदा केलेला. हात सराईत होता. चिमूटभर कावळा तयार झाला. त्यांनी तो पिंडाकडं नेला.

“थांबा,” महाराज म्हणाले. “हात कुणाचा आहे?”

शास्त्री थबकले.

“मेलेल्यानंच आपल्या पिंडाला कावळा लावायचा? मग जिवंतांनी काय करायचं?”

शास्त्र्यांनी दर्भाचा कावळा गुंडंभटांच्या पुढं धरला. गुंडंभटांनी महाराजांकडं पाहिलं.

“भटजी परका आहे,” महाराज म्हणाले. “रक्ताचं माणूस पाहिजे.”

“मुलगा नाही, महाराज, ह्यांना.”

“मुलगी आहे ना?”

“मुलगी… पिंडाला?” गुंडंभट घुटमळले. “बाईमाणसानं…”

“जिवंत माणूस आपलं श्राद्ध घालून बसलंय आणि तुम्हाला बाईमाणूस अडतंय? कुठाय ती?”

“वर,” भागिरथी म्हणाली. “गाडीत बसलीय. मी म्हटलं खाली चल, तर नको म्हणाली. कशाला यायचं, मला कोण बोलावतंय, म्हणाली.”

महाराज शास्त्र्यांकडं वळले. नुसते बघत राहिले…

शास्त्र्यांनी भागिरथीकडं हात केला. तू बोलाव.

“मी नाही,” भागिरथी म्हणाली.

त्यांनी गुंडंभटांकडं पाहिलं. गुंडंभट पळीपंचपात्र पुसायला लागले.

“ज्याला मरायचंय त्यानं बोलवावं,” महाराज म्हणाले.

शास्त्र्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मेलेल्यानं बोलायचं नाही, तुम्हीच म्हणालात.

“म्हणलो. एका नावापुरते जिवंत व्हा. मग परत मरा.”

केवढी सोपी गोष्ट. एक नाव घ्यायचं. ती येईल, टेकवेल, संपेल. शेंडी जाईल, भगवं मिळेल, आणि देवसांगवीचा नृसिंह म्हणून कुणी उरणारच नाही. एका नावाच्या मोलानं.

तोंड उघडलं तर आवाज निघेना.

“मथुरा.”

हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

“वरपर्यंत जायला पाहिजे,” महाराज म्हणाले.

“मथुरे,” शास्त्री म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, ती लहान असताना पाण्यात फार पुढं गेली की मारायचे तशी हाक त्यांच्या तोंडून आली. “मथूऽ.”

वर गाडीत काहीतरी हललं.

मथुरा घाटाच्या माथ्यावर आली. थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग उतरायला लागली.

शास्त्री बघत होते. पोर इतक्या हळू का येतेय, हे त्यांना कळेना. मानापानाचं नाटक असेल, असं आधी वाटलं. मग दिसलं. ती एक पाय खालच्या पायरीवर ठेवत होती, आणि दुसरा पाय ओढून त्याच पायरीवर आणत होती. मग थांबत होती. मग परत एक पाय. नुकतं चालायला लागलेलं लेकरू उतरतं, तसं.

ती घरात रोज त्यांच्यासमोरून गेली होती. रोज पाणी घेऊन आली होती.

मथुरा खाली पोचली. तिच्या कपाळावर घाम होता. तिनं वडलांच्या हातातला दर्भाचा कावळा घेतला, पिंडाजवळ गेली, वाकली.

“टेकवू का, आप्पा?”

नुसती मान हलवायची होती.

“पायाला काय झालं?” शास्त्र्यांनी विचारलं.

गुंडंभट दचकले. “शास्त्रीबुवा, बोलायचं नाही…”

“तुझ्या पायाला काय झालं?”

“खुबा आहे,” मथुरा म्हणाली. वाकलेलीच होती, पिंडाकडं बघत होती. “ओट्यावरून ढकललं होतं. हाड नीट बसलं नाही.”

“कधी?”

“घरी आले त्याच्या दोन महिने आधी.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

भागिरथीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हातचं उत्तर सोडून दिलं.

“मी सांगायला आले होते,” मथुरा म्हणाली. “तुम्ही वाचत होतात.”

…

“टेकवू ना? मला असं वाकून उभं राहवत नाही, आप्पा.”

आणि कावळा आला.

दर्भाचा नव्हे, खरा. कुणी काव काव केलं नव्हतं, कुणी वचन दिलं नव्हतं. उंबरावरून तो सरळ खाली उतरला आणि पिंडापासून दोन हातांवर बसला. मान वाकडी करून त्यानं पानाकडं पाहिलं. एक उडी मारून जवळ आला.

“आला,” गुंडंभट कुजबुजले. “हलू नका कुणी. शास्त्रीबुवा, झालं तुमचं. आता फक्त हलू नका.”

मथुरा जागच्या जागी थिजली. भागिरथीचा हात स्वतःच्या गळ्यातल्या काळ्या पोतीवर गेला. पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

कावळ्यानं आणखी एक उडी मारली. आता चोच पुढं केली की झालं. ज्याच्यासाठी शास्त्री इतके दिवस झुरले होते, ते सगळं आता एका चोचीवर आलेलं. मागं वळून बघायचंही कारण उरलं नसतं.

कावळ्यानं मान खाली घातली.

“हाऽ,” शास्त्री ओरडले. “हाऽऽ, चल, हाऽ.”

ते धडपडत उठले. धोतराचा ओला सोगा दोन्ही हातांनी झटकला, तसे थेंब उडाले. कावळा फडफडला आणि बाजूला सरकला, पुन्हा यायला बघत होता. शास्त्री त्याच्यावर धावून गेले. मांजरेच्या काठी, भादरलेल्या डोक्याचा एक विद्वान, आपल्याच पिंडावरचा कावळा हाकलत होता. पायरीवरून पाय घसरला, गुडघा फुटला, तरी हाकलत होता. कावळा नदीवरून पलीकडं गेला तेव्हा कुठं ते थांबले.

कुणाला हसावं का रडावं ते कळेना.

“चाळीस वर्षं हेच करतोय,” गुंडंभट स्वतःशीच म्हणाले. “कावळा यावा म्हणून रडणारे पाहिले. हे असलं नाही पाहिलं.”

मथुरा अजून दर्भाची गाठ हातात धरून उभी होती. शास्त्री तिच्याजवळ गेले. काय म्हणावं, ते सुचेना. एवढे शब्द, एकेकाची मुळं पाताळापर्यंत पाठ, आणि आता एक सापडत नव्हता.

“बस,” ते शेवटी म्हणाले. “पाय सरळ करून बस.”

ती लगेच बसली नाही. आईकडं पाहिलं. भागिरथीनं मान हलवली, तेव्हा ती बसली, त्यांच्यापासून जरा लांब. शास्त्री खालच्या पायरीवर बसले. गुडघ्यातून रक्त येत होतं, त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. लेकीचा पाय ते बघत होते. हात लावायची हिंमत होत नव्हती.

“लातूरला हाडाचा डॉक्टर आहे,” ते म्हणाले.

“आम्ही जाऊन आलो,” भागिरथी म्हणाली. “दोनदा. मोडून परत बसवावं लागेल म्हणतोय. तिचा बाप बरोबर पाहिजे, बायकांवर भागत नाही म्हणतोय.”

“मी येतो.”

“येतो म्हणे. आणि हे डोकं? गावात शिरताना लोक विचारतील, कोण गेलं? काय सांगायचं मी?”

शास्त्र्यांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. शेंडीचे चार केस तेवढे हाताला लागले. ह्या डोक्यानं वेशीतून आत जायचं. पारावर माणसं असणार. तो शंका विचारणारा एखाद्या दिवशी तिथं येऊन बसणार. मथुरा अशी, एक पाय ओढत, त्यांच्या शेजारून चालणार, आणि सगळे बघणार.

“खरं ते सांग,” ते म्हणाले.

भागिरथीनं त्यांच्याकडं पाहिलं. गाडीवानाला हाक मारून म्हणाली, बैलांना पाणी दाखव, निघायचंय.

महाराज काठी घेऊन पायऱ्या चढायला लागले होते.

“महाराज,” शास्त्री खालून म्हणाले. आवाज ओढलेला होता. “मग… माझा संन्यास?”

केवळगिरी थांबले. मागं वळले नाहीत.

“तो मघाशी झाला की. टाकायचं ते टाकलंत. डोकं झाका, ऊन लागेल.”